बंड्याची धाप आणि हवेतील बाष्प

आमच्या घरी बंड्या नावाचा बीगल जातीचा कुत्रा आहे. गेल्या वर्षी मे महिन्यात एका लग्नासाठी आम्ही साताऱ्याहून रत्नागिरीला गेलो, तेव्हा त्यालाही बरोबर नेले. निघालो त्या दिवशी साताऱ्यात दुपारचे तापमान ३८ अंश सेल्सिअस होते. तशा उन्हाळ्यात बंड्या व्हरांड्याच्या सावलीत जीभ बाहेर काढून पडून राहतो आणि संध्याकाळी पुन्हा उड्या मारू लागतो. रत्नागिरीला पोहोचलो तर तिथे पारा ३३ वर. मी मनात म्हटले, चला, पाच अंश कमी. बंड्याची चंगळ झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता मी आणि मुलगी त्याला भाट्याच्या किनाऱ्यावर घेऊन गेलो. वाळूतल्या खेकड्यांचा वास लागताच बंड्या नाक खाली घालून धावत सुटला. वीस मिनिटांनी तो थांबला, दोन पावले झोकांड्या खात चालला आणि आडवा झाला. हिरड्या लालभडक, तोंडाला घट्ट फेस, नजर कुठेतरी भलतीकडे. मी घाईघाईने टॉवेल समुद्रात भिजवून त्याला गुंडाळला. मुलीने फोन लावला तेव्हा तिथले पशुवैद्य पहिले वाक्य बोलले ते असे : “तो टॉवेल आधी काढा. अंगावर पाणी ओतत राहा, वारा घाला आणि मग घेऊन या.”

दवाखान्यात पोहोचलो तेव्हाही त्याचे तापमान ४१ अंशांच्या वर होते. दोन दिवस सलाईन लावावे लागले. बंड्या वाचला. पण विद्यार्थी मित्रांनो, गेली कित्येक वर्षे मी महाविद्यालयात उष्णतेचे धडे शिकवतो आहे, आणि त्या दिवशी माझ्याच कुत्र्याच्या बाबतीत मी त्यातला एकही वापरला नाही. ३८ अंशांत ज्याला काही होत नाही त्याच्या ३३ अंशांत जिवावर का बेतले? आणि ओला टॉवेल काढायला का सांगितले? या दोन प्रश्नांची उत्तरे आपण हिशेबाने शोधू.

पस्तीस वॅटचा प्राणी

बीगल हा मूळचा इंग्लंडमधील शिकारी कुत्रा. सशाचा माग वासावरून काढत कळपाने धावायचे आणि मालकांनी मागून पायी यायचे, अशी ही शिकार असे. उंची साधारण ३३ ते ४० सेंटिमीटर आणि वजन ९ ते १५ किलोग्रॅम. थंड हवेत दिवसभर धावण्यासाठी माणसाने पैदास केलेला हा कुत्रा. वास लागला की तो थकवा विसरतो, हे त्याच्या रक्तातच आहे.

बंड्याच्या बांध्याच्या बीगलचे योग्य वजन १२ किलोग्रॅम धरू. अशा कुत्र्याला दिवसाला सुमारे ७०० किलोकॅलरी अन्न लागते. वजन स्थिर असेल तर ही जवळजवळ सगळी ऊर्जा शेवटी उष्णतेच्या रूपाने शरीराबाहेर पडते. ७०० किलोकॅलरींचे ज्यूलमध्ये रूपांतर करा आणि एका दिवसातील ८६,४०० सेकंदांनी भागा. उत्तर येते सुमारे ३५ वॅट. म्हणजे तुमच्या पायाशी झोपलेला बीगल हा ३५ वॅटचा लहानसा हीटरच आहे. धावताना हाच आकडा कित्येक पट वाढतो.

ही उष्णता बाहेर पडलीच नाही तर? सजीवांचे शरीर बहुतांशी पाण्याचे असते, म्हणून त्याची विशिष्ट उष्णता दर किलोग्रॅमला, दर अंशाला सुमारे ३.५ किलोज्यूल असते. तेव्हा १२ किलोग्रॅमचे शरीर एक अंशाने तापायला ४२ किलोज्यूल लागतात. ३५ वॅटचा प्राणी तासाला १२६ किलोज्यूल उष्णता निर्माण करतो. म्हणजे नुसते बसून राहिला तरी त्याचे तापमान तासात ३ अंशांनी वाढेल. धावताना चौपट उष्णता निर्माण होते असे धरले, तर हेच तीन अंश पंधरा मिनिटांत वाढतील. कुत्र्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंश असते आणि ४१ च्या पुढे मेंदू, मूत्रपिंडे, आतडी यांना इजा होऊ लागते. यावरून वेळ किती थोडा असतो ते ध्यानात येईल.

धाप : एक शीतकयंत्र

आपल्या अंगभर घामाच्या ग्रंथी असतात. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या तळव्यांना, आणि तो फारसा उपयोगी नसतो. त्याची खरी भिस्त धापेवर. ओली जीभ, ओले तोंड आणि नाकाच्या आतील ओला पडदा यांवरून हवा वेगाने फिरवायची, पाण्याची वाफ करायची आणि वाफेबरोबर उष्णता बाहेर टाकायची. शरीराच्या तापमानाला एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता खर्ची पडते. १९७० मध्ये क्नुट श्मिट-नील्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की धापा टाकताना हवा मुख्यतः नाकातून आत येते आणि तोंडातून बाहेर जाते. त्यामुळे नाकातील पडद्यावर ताजी हवा सतत येत राहते.

पण इतक्या भराभर श्वास घ्यायला स्नायूंना श्रम पडतात, आणि श्रम म्हणजे पुन्हा उष्णता! मग फायदा काय? याचे उत्तर तुमच्या ओळखीचे आहे. झोपाळ्याला त्याच्या स्वतःच्या ठेक्यात हलका धक्का दिला तरी तो उंच जातो. यालाच आपण अनुस्पंदन म्हणतो. कुत्र्याच्या छातीच्या पिंजऱ्यालाही असा स्वतःचा ठेका असतो. कुत्रा एरवी मिनिटाला १५ ते ३० श्वास घेतो. धापा टाकू लागला की तो एकदम मिनिटाला ३०० च्या आसपास जातो. १९६२ मध्ये यूजीन क्रॉफर्ड या शास्त्रज्ञाने मोजून दाखवले, की हा वेग छातीच्या स्वाभाविक कंपनसंख्येच्या अगदी जवळ असतो. म्हणून थोड्या श्रमात पुष्कळ हवा फिरते.

सातारा आणि रत्नागिरी

आता पहिला प्रश्न. धापेबरोबर बाहेर पडणारी हवा ३८ अंशांना बाष्पाने संपृक्त असते असे ढोबळमानाने धरू. अशा एक घनमीटर हवेत सुमारे ४६ ग्रॅम बाष्प मावते. साताऱ्याच्या मे महिन्यातील दुपारी हवा कोरडी असते. सापेक्ष आर्द्रता २० टक्के धरली, तर ३८ अंशांच्या एक घनमीटर हवेत ९ ग्रॅम बाष्प आधीच आहे. म्हणजे ही हवा कुत्र्याकडून आणखी ३७ ग्रॅम पाणी घेऊन जाऊ शकते. रत्नागिरीला ३३ अंश तापमान आणि आर्द्रता ७५ टक्के धरली, तर हवेत सुमारे २७ ग्रॅम बाष्प आधीच भरलेले आहे. उरली जागा १९ ग्रॅमांची.

सदतीसच्या ठिकाणी एकोणीस! धापेचे यंत्र तेच, वेग तोच, पण काम निम्मे. रत्नागिरीची हवा पाच अंशांनी थंड असल्यामुळे थोडी उष्णता जास्त नेते खरी, पण ती भर एवढ्या तुटीपुढे किरकोळ आहे. साताऱ्यात बंड्या सावलीत पडून राहिला होता आणि त्याचे यंत्र पूर्ण क्षमतेने चालत होते. रत्नागिरीत यंत्र निम्मे झाले आणि त्याच वेळी मी त्याला धावू दिले. मी तापमापकावरचा एकच आकडा पाहिला. दुसरा आकडा आर्द्रतेचा होता.

ओल्या टॉवेलची चूक

दुसरा प्रश्न आता सोपा होईल. गार ठेवणारी गोष्ट नुसते पाणी नसून त्याचे बाष्पीभवन असते. टॉवेल गुंडाळला की त्याखालची हवा कोंडते आणि काही क्षणांत बाष्पाने भरते. टॉवेलमधले थोडेसे पाणी अंगाच्या उष्णतेने कोमट होते आणि मग टॉवेल गोधडीसारखा वागू लागतो. याउलट अंगावर साधे गार पाणी ओतत राहिले, की ते स्वतः उष्णता घेऊन वाहून जाते आणि वाऱ्यामुळे ओल्या केसांजवळची दमट हवा हलून नवी हवा येते.

असा प्रसंग आला तर क्रम लक्षात ठेवा. कुत्र्याला सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, शुद्धीवर असेल तर प्यायला पाणी पुढे ठेवा. जबरदस्तीने घशात ओतू नका. पशुवैद्यांना फोन करा आणि नेतानाही गार करणे चालू ठेवा. तापमान ३९.५ च्या आसपास आले की पाणी थांबवा. कुत्रा टवटवीत दिसू लागला तरी डॉक्टरांना दाखवाच, कारण आतल्या अवयवांची इजा उशिरा दिसते. आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत कुत्र्याला पाच मिनिटेसुद्धा ठेवू नका.

एका पोळीचा हिशेब

दवाखान्यात बंड्याला काट्यावर उभे केले. वजन भरले १६ किलोग्रॅम! डॉक्टर म्हणाले, “हवेचा दोष आहेच, पण हे चार किलोसुद्धा त्याला नडले.” चरबीचा थर उष्णता आतच अडवतो आणि जास्त वजन वाहताना उष्णताही जास्त निर्माण होते.

हे वजन आले कुठून? बीगल अत्यंत खादाड. त्याच्या डोळ्यांतली याचना पाहून भल्याभल्यांचा निश्चय डळमळतो. माझी आई रोज रात्री त्याला एक पोळी घाली. “मुक्या जिवाला एक पोळी दिली तर काय बिघडलं?” असे ती म्हणे, आणि मलाही ते पटे. आता हिशेब करा. मध्यम आकाराच्या पोळीत सुमारे १०० किलोकॅलरी असतात. बंड्याची दिवसाची गरज ७००. म्हणजे ती एक पोळी रोजच्या जेवणाच्या सातव्या हिश्शाइतकी झाली. दिवसाला २१०० किलोकॅलरी लागणाऱ्या माणसाने भरपेट जेवून वर रोज तीन पोळ्या खाव्यात, तशातला हा प्रकार. एक किलोग्रॅम चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी साठतात. रोज १०० जादा, म्हणजे कागदावर वर्षाला साडेचार किलोंहून अधिक. वजन वाढते तशी गरजही थोडी वाढते, म्हणून प्रत्यक्षात वाढ सावकाश होते, पण होते.

बेताच्या आहाराचा परिणाम आयुष्यावरही होतो. २००२ मध्ये एका दीर्घ प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लॅब्रॅडॉर जातीच्या ४८ कुत्र्यांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतील एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न आयुष्यभर दिले गेले. भरपूर खाणाऱ्यांचे मध्यक आयुष्य ११.२ वर्षे भरले आणि बेताने खाणाऱ्यांचे १३ वर्षे. जवळजवळ दोन वर्षांचा फरक!

घरी वजन करणे सोपे आहे. कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहा आणि त्यातून आपले वजन वजा करा. शिवाय बरगड्यांवरून हात फिरवा. त्या न दाबता बोटांना जाणवल्या पाहिजेत आणि वरून पाहिले असता कंबर बारीक दिसली पाहिजे.

रोजची निगा

बीगलचे कान लांब आणि लोंबते. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली आणि मग आत वळते. वर कानाचे झाकण असल्यामुळे आत ओलावा कोंडतो आणि बुरशी व जंतू वाढतात. आठवड्यातून एकदा कान उचलून पाहावा, वास घ्यावा आणि आंघोळीनंतर बाहेरचा भाग कोरडा करावा. काडी आत घालू नये. ओलाव्याचा धडा इथेही तोच आहे.

फिरून आल्यावर कानामागे, मानेखाली आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधावेत. ते रक्त तर पितातच, शिवाय एर्लिकिया, बॅबेसिया यांसारखे रोगजंतू पसरवतात. रेबीज, डिस्टेंपर आणि पार्व्हो यांच्या लसी पशुवैद्यांनी दिलेल्या तारखांना टोचून घ्याव्यात. रेबीजची लस कुत्र्याइतकीच घरातल्या माणसांसाठीही आहे. चॉकलेट, कांदा, लसूण, द्राक्षे आणि मनुका कुत्र्याला कधीही देऊ नयेत. प्यायचे पाणी मात्र सदैव भरलेले असावे. धापेच्या यंत्राचे इंधन तेच आहे.

करून पाहा

दोन सारखे तापमापक घ्या. एकाच्या फुग्याला मलमलचे ओले फडके गुंडाळा आणि त्याचे टोक पाण्याच्या वाटीत सोडा. दोन्ही तापमापक सावलीत टांगून दहा मिनिटे पंख्याने वारा घाला. ओल्या तापमापकातील पारा खाली उतरेल. हवा कोरडी असेल तर पुष्कळ, दमट असेल तर थोडाच. वर धरलेल्या साताऱ्याच्या हवेत ओला तापमापक सुमारे २१ अंश दाखवील, रत्नागिरीच्या हवेत २९. कोणत्या गावी धाप सोपी, हे तो एकच आकडा सांगतो. शिक्षकांनी हा प्रयोग मे, जुलै आणि डिसेंबर अशा तीन महिन्यांत करवून घेतला, तर आलेख फार सुंदर येईल.

आमच्या व्हरांड्यात अशी जोडी आता कायम टांगलेली आहे. ओला पारा २५ च्या वर गेला की बंड्याचे धावणे बंद, असा आमच्या घरापुरता नियम मुलीने केला आहे. पोळीच्या जागी आई त्याला काकडीच्या चकत्या देते. पहिले काही दिवस दोघेही रुसले होते. काल सकाळी वजन केले तेव्हा काटा साडेबारावर थांबला. आईने चष्मा लावून तो स्वतः वाचला आणि बंड्याला एक चकती जास्त दिली.