कस्टर्डमधला कान

अकरा ऑस्कर पटकावणाऱ्या ‘द रिटर्न ऑफ द किंग’चा (२००३) दिग्दर्शक म्हणून ज्यांना पीटर जॅक्सन माहीत आहे, त्यांनी त्याचा ‘ब्रेनडेड’ (१९९२) जेवताना लावू नये. वेलिंग्टनमधलं घर, पाहुणे टेबलाशी बसलेले, आणि झॉम्बी होत सडू लागलेल्या नायकाच्या आईचा कान गळून कस्टर्डमध्ये पडतो. आई तो चमच्याने उचलून खाते. रिमोट हातात घेऊन हा प्रसंग थांबवत थांबवत पाहिला, की किळस येते आणि हसूही आवरत नाही. सभ्य दिग्दर्शक जिथे कॅमेरा वळवेल, तिथे जॅक्सन तो आणखी पुढे सरकवतो.

ही खोड त्याला पहिल्यापासूनची. ‘बॅड टेस्ट’ (१९८७) त्याने मित्रांना जमवून, शनिवार-रविवार गाठत, चार वर्षं रखडत केला. परग्रहवासीयांचे मुखवटे आईच्या ओव्हनमध्ये भाजले.

पुढे पैसा आला, पण खोड गेली नाही. ‘द फेलोशिप ऑफ द रिंग’मध्ये (२००१) फ्रोडोच्या गळ्यातली अंगठी दिसताच म्हाताऱ्या बिल्बोचा चेहरा क्षणभर भुतासारखा विचकतो. दात, खोल गेलेले डोळे, आणि लगेच पूर्ववत. धक्का अस्सल ‘ब्रेनडेड’चा. फक्त त्यानंतर तिथे हशा यायचा, इथे बिल्बो ओशाळून रडू लागतो. माझ्या मते जॅक्सनची सगळी वाढ या एका अदलाबदलीत आहे. भीतीनंतरची रिकामी जागा त्याने हसण्याऐवजी करुणेला दिली.

‘द रिटर्न ऑफ द किंग’मध्ये त्याच अंगठीपायी स्मीगॉलचा गॉलम होतो तेही तसंच पाहावं. ‘ब्रेनडेड’मध्ये आईची सुटलेली कातडी मुलगा डिंकाने चिकटवतो आणि आपण खिदळतो. इथेही माणूस टप्प्याटप्प्याने कुजतो, कच्चा मासा दाताने ओरबाडतो, पण हसायची सोय नाही. ‘किंग काँग’मध्ये (२००५) तर दरीतले लिबलिबीत किडे खलाशी लंपीचे हातपाय आणि डोकं सावकाश गिळतात, आणि कॅमेरा तोंड फिरवत नाही. जहाजाच्या तळात ‘सुमात्रन रॅट मंकी’ लिहिलेली पेटीही आहे. ‘ब्रेनडेड’मधली झॉम्बींची सगळी साथ याच प्राण्याच्या चाव्याने पसरली होती आणि तोही आणला होता स्कल आयलंडवरून. जुन्या चाहत्यांना मारलेला डोळाच हा.

‘हॉबिट’मध्ये त्याने हशा परत आणला, आणि मला तिथेच खटकलं. गॉब्लिनांच्या राजाचं पोट फाटतं, तो एक विनोदी वाक्य टाकतो आणि पडतो. ‘ब्रेनडेड’चा नायक गवत कापायच्या यंत्राने झॉम्बी कापतो, तेव्हा रक्तावरून त्याचाच पाय घसरतो; तो धावतो, पण जागचा हलत नाही. ‘हॉबिट’मधल्या संगणकावर रचलेल्या गुहेत शेकडो गॉब्लिन मरतात, पण घसरत कोणीच नाही.