मोबाईल, मैदान आणि आपली मुले

संध्याकाळी ऊन कलले तरी आज आपल्या वाडीतील मैदान ओस असते. आठवी-नववीतील चार मुले कट्ट्यावर शेजारी बसून चार मोबाईलमध्ये डोके घालून असतात. यासाठी केवळ मुलांना दोष देऊन चालणार नाही. २०२० साली करोनामुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा पोटाला चिमटा घेऊन आपणच मोबाईल घरात आणला. मुंबईला कामाला असलेल्या वडिलांचे तोंडही त्यातच दिसते. तेव्हा मोबाईल वाईट, असे आम्ही म्हणत नाही. तो मुलांची झोप, खेळ आणि सोबत काढून घेतो का, हे पाहावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी. परंतु २०१६ सालच्या माहितीनुसार जगातील ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुले एवढी हालचाल करीत नव्हती. त्यात मुलगे ७८ टक्के, तर मुली ८५ टक्के होत्या. आपल्याकडेही संध्याकाळी मुलगे बाहेर पडतात. मुलींच्या वाट्याला पाणी आणि चूल येते.

खेळाने शरीर दमते, झोप शांत लागते, मन हलके होते. कबड्डीत पकड सुटली की हार पचवावी लागते, गड्यावर विश्वास टाकावा लागतो. किशोरवयात ८ ते १० तास झोप हवी. रात्री उशिरापर्यंत पडदा पाहिल्याने ती तुटते. मग चिडचिड वाढते, अभ्यासात लक्ष लागत नाही.

मात्र पडद्यामुळे मूल उदास होते, तसेच उदास मूलही पडद्याचा आसरा घेते. म्हणून मोबाईल हिसकावण्याआधी त्याच्याजवळ बसून विचारावे. मूल बरेच दिवस गप्प राहत असेल, मित्रांना टाळत असेल, तर शासनाच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. त्यात कमीपणा नाही.

खेळाला पैसा लागतोच असे नाही. ओहोटीच्या वेळी सागरेश्वरच्या किनाऱ्यावरील ओली, घट्ट वाळू धावायला पुरेशी आहे. लंगडी, खो-खो यांना साहित्य लागत नाही. पालकांनी रात्री आपलाही मोबाईल बाजूला ठेवावा आणि रोजचा एक तास मुलांना, विशेषतः मुलींना, खेळासाठी मोकळा द्यावा, ही आमची कळकळीची विनंती.