बाप्पा हाती घेताना

मूर्ती घ्यायची ती दोन्ही हातांनी. एक हात बैठकीखाली, दुसरा पाठीशी. सोंडेला, हाताला किंवा मुकुटाला धरायचं नाही. प्लास्टरची मूर्ती नेमकी तिथंच दगा देते. हातात आली की लगेच पाठ फिरवायची नाही. देणाऱ्याला एकदा डोळे भरून बघू द्यायचं, त्याचे हात जोडून होईपर्यंत थांबायचं. ठेवायची तीही उभी, तोंड माणसांकडे करून. अनंत चतुर्दशीला गोदाकाठी मूर्ती संकलनाच्या टेबलामागे पहिल्यांदा उभं राहणाऱ्याला आमच्या गटातल्या ताई एवढंच शिकवतात. प्रदूषणावरचं व्याख्यान त्यांच्या शिकवणीत नाही. ‘‘ते लोकांना ठाऊक असतं,’’ त्या म्हणतात, ‘‘बाप्पा कुणाच्या हातात देतोय, तेवढंच त्यांना बघायचं असतं.’’

जुना नाशिककर नदीवर जात नाही, गंगेवर जातो. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी गंगापूर धरणातून शहरात येते, रामकुंडाशी दक्षिणेकडे वळते आणि तपोवनातून पुढे निघून जाते. भाद्रपदात धरणातून पाणी सोडलेलं असलं की ते घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं की कमरेला, यावर गावात पुराचं माप ठरतं. अशा वर्षी आमचं टेबल पायऱ्या सोडून वर सरकतं. पाणी सोडलेलं नसलं की अडचण उलटी. प्रवाह संथ, आणि सोडलेली मूर्ती सोडली तिथंच. शाडूची असेल तर भिजून सुटते. प्लास्टर ऑफ पॅरिसचं तसं नाही. पाणी मिळालं की घट्ट व्हायचं, हाच त्याचा गुणधर्म. त्यानं पाण्यात विरघळावं अशी आशा करणंच चुकीचं. पाणी ओसरलं की काठावर काय दिसतं, ते एकदा पाहिलेला माणूस पुढच्या वर्षी निमूट रांगेत येतो.

यातली सरकारी बाजू थोडक्यात सांगता येते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं मे 2020 मध्ये मूर्ती विसर्जनाची सुधारित मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत प्लास्टरच्या मूर्तींना मनाई होती. जून 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अशा मूर्ती घडवायला मुभा दिली, पण नैसर्गिक पाण्यात त्या सोडायला सरसकट परवानगी दिली नाही. नाशिक महापालिका विभागवार कृत्रिम तलाव आणि संकलन केंद्रं उभारते, घरी विसर्जन करणाऱ्यांना अमोनियम बायकार्बोनेटची पावडर देते. आणि ‘देव द्या, देवपण घ्या’ ही हाक विद्यार्थी कृती समितीच्या पोरांनी दशकभराहून अधिक काळ गोदाकाठी देऊन गावाच्या तोंडी बसवली आहे. आमच्या कॉलनीचा गट या सगळ्यातला एक छोटासा भिडू. पालिकेच्या कृत्रिम तलावाशेजारी दोन टेबलं, एक ताडपत्री, पिंपं, हातमोजे आणि चहाचा थर्मास, एवढा आमचा पसारा.

सकाळी गर्दी तुरळक असते. घरचे गणपती दुपारनंतर यायला लागतात आणि पाच वाजल्यापासून उसंत मिळत नाही. दुचाकीवर मागं बसून मांडीवर मूर्ती सांभाळत आलेल्या सुना, रिक्षातून उतरणारी तीन पिढ्यांची घरं, टोप्या घातलेली, झांजा वाजवणारी पोरं. पलीकडून, वाकडी बारवेपासून निघालेल्या मुख्य मिरवणुकीच्या ढोलांचा आवाज येत असतो, पण टेबलापाशी घरगुती आवाजातली आरती चालते. ती संपेपर्यंत आम्ही मध्ये पडत नाही. घाई असलेला एखादा म्हणतो, ‘‘घ्या हो भाऊ, आरती घरी झालीय.’’ त्याचीही मूर्ती त्याच पद्धतीनं घ्यायची.

मग तलावात तीनदा बुडवणं. हे ज्याचं त्यानं करायचं. त्या वेळी मूर्ती आपल्या हातात नसते. ‘पुढच्या वर्षी लवकर या’ झालं की ती आमच्याकडे येते. यानंतर बरीच माणसं घुटमळतात. पाट रिकामा घेऊन घरी जायचं नसतं. त्यावर नदीची चिमूटभर वाळू घेऊन जायची रीत आहे. सुरुवातीला हे आमच्या लक्षात आलं नव्हतं. माणसं टेबलाला वळसा घालून पाण्याकडे जात, निसरड्या पायऱ्यांवर वाकत, आणि इतक्या जवळ आल्यावर काहींना वाटे, मूर्तीही इथंच सोडायला हवी होती. आता टेबलाच्या कडेला धुतलेल्या वाळूचं घमेलं असतं. एका आजींनी ते सुचवलं. त्यांना रसायनशास्त्रातलं काही सांगायचं नव्हतं. घरी गेल्यावर वाळू कुठं ठेवायची असते, एवढं त्यांना माहीत होतं. आमच्या रांगेतली अर्धी कुरकुर त्या घमेल्यानं मिटवली.

मूर्तीचं काम दिसतं, निर्माल्याचं दिसत नाही. खरी मेहनत तिथं आहे. मूर्तीबरोबर पिशवी येते आणि पिशवीत दहा दिवसांचं घर असतं. दूर्वांच्या जुड्या, जास्वंद, केवड्याची पानं, शमी, आघाडा, विड्याची पानं, सुपाऱ्या, नारळ, खिरापतीची पुडी. त्यांच्यातच थर्माकोलचे तुकडे, चमकीचं तोरण, प्लास्टिकच्या मोत्यांची कंठी, अगरबत्तीचं खोकं. शिवाय, वर्षभर घरात ठेवायचं की टाकायचं हे ज्याचं ठरलेलं नसतं, ते सगळं: तडा गेलेली तसबीर, जुनं पंचांग, देवाच्या चित्राची लग्नपत्रिका. काचेची फ्रेम असेल तर ती आधी वेगळी काढायची, नाहीतर हातमोज्याच्या आत रक्त येतं.

ताडपत्रीवर चार ढीग होतात. ओला आणि कुजणारा पहिला, नारळ-सुपारीचा दुसरा, कागद-कापडाचा तिसरा, प्लास्टिक, थर्माकोल, काच यांचा चौथा. चारी ढिगांचा शत्रू एकच, हारातला दोरा. झेंडूचे हार सुती दोऱ्यात ओवलेले असतील असं आपण गृहीत धरतो, पण बाजारातल्या बऱ्याच हारांत नायलॉन निघतो. खतात तो तसाच राहतो, खत यंत्रातून जाताना पात्यांना गुंडाळला जातो. म्हणून हार हातात घ्यायचा, गाठीपाशी कापायचा, एका ओढीत फुलं खाली आणि दोरा बाजूला. हे काम आमच्याकडे एका काकांनी पत्करलं. नोकरीतून निवृत्त झालेले. पहिल्या वर्षी काकूंनी बळंच पाठवलं म्हणून आलेले, खुर्चीवर बसून पेपर वाचत होते. कुणीतरी त्यांच्या पुढ्यात हारांचं टोपलं ठेवलं. दुसऱ्या वर्षी ते घरून शिवणकामाची कात्री घेऊन आले. आता कुणी दोऱ्यासकट हार ढिगात टाकला तर ते नाव घेऊन हाक मारतात.

प्लास्टरच्या लहान मूर्तींचं पुढचं काम कॉलनीत चालतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं ही पद्धत लोकांपर्यंत आणली. साधारण दहा इंची, दोन किलोची मूर्ती असेल तर दहा-बारा लीटर पाणी आणि मूर्तीच्या वजनाइतकं अमोनियम बायकार्बोनेट. आधी हार, कापड, खडे, चमकी सगळं काढून घ्यायचं. मूर्ती पाण्यात सोडली की पृष्ठभागावर बुडबुडे धरतात. दर दोन-तीन तासांनी लाकडी दांड्यानं पाणी ढवळायचं. अमोनियाचा वास नाकात जातो, म्हणून पिंपं गच्चीवर किंवा मोकळ्या अंगणात. अठ्ठेचाळीस तासांच्या आत मूर्ती सुटते. तळाशी पांढरा गाळ बसतो, तो कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे खडूच्या जातीचा. वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट असतं, तेच जे शेतकरी पोत्यानं आणतात. ते पाणी भरपूर पातळ करून झाडांना घालता येतं. रंगाचे पापुद्रे मात्र गाळून वेगळे काढावे लागतात.

एवढ्या सगळ्यातून नदी किती वाचते? खरं सांगायचं तर गोदावरीचं दुखणं वर्षातल्या एका दिवसाचं नाही. शहराचं सांडपाणी तिच्यात रोज येतं. त्याविरुद्ध नाशिककरांनी मंच काढले, उच्च न्यायालयापर्यंत लढाई नेली. खाली निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वर आहे, जानेवारी 2020 मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर पाणथळ म्हणून जाहीर झालेलं. हिवाळ्यात तिथं पक्षी पाहायला नाशिककर गाड्या भरभरून जातात. शहरानं सोडलेलं पाणी पुढे तिकडेच वाहत जातं. आमच्या टेबलाचा या हिशेबातला वाटा फार लहान आहे, आणि तो लहान आहे हे कबूल करूनच उभं राहिलेलं बरं. मोठं काहीतरी केल्याच्या भ्रमात राहणारा माणूस दुसऱ्या वर्षी येत नाही.

मग माणसं येतात कशाला? सातपूरला फर्स्ट शिफ्ट करून थेट टेबलावर येणारा तरुण, बारावीच्या वर्षातली मुलगी, बँकेतून निवृत्त झालेले दोघं, सुट्टीला घरी आलेला आयटीतला पोरगा. यांतलं कुणी ‘मला आयुष्याला हेतू हवा’ म्हणून आलेलं नाही. कुणाला शेजाऱ्यानं ओढून आणलं, कुणाला प्रमाणपत्र हवं होतं. टिकले ते निराळ्या कारणानं. अनोळखी माणूस समोर येतो, दहा दिवस घरात मानानं वागवलेली वस्तू तुमच्या हातावर ठेवतो आणि निघून जातो. तो तुमचं नाव विचारत नाही. त्याचा विश्वास फुकट मिळालेला असतो आणि तो सांभाळायची जबाबदारी त्या क्षणी तुमची असते. ऑफिसात, कारखान्यात, घरातसुद्धा आपल्यावर असा बिनशर्त विश्वास टाकणारं माणूस रोज भेटत नाही. संध्याकाळभरात तसे शेकडो भेटले की माणूस सरळ उभा राहायला लागतो. शिफ्टवाला तरुण एरवी बोलघेवडा. मूर्ती हातात आली की त्याचा आवाज आपोआप खाली येतो.

या आनंदाला एक टोचणीही आहे. आमची ही वर्षातून एका दिवसाची सेवा. त्याच घाटावर पालिकेच्या सफाई कामगारांची ती रोजची ड्यूटी. दशक्रियेनंतरची पानं-फुलं, दिव्यांचे द्रोण, यात्रेकरूंनी टाकलेले कपडे, हे सगळं ते बारा महिने उचलतात. आमचे फोटो दुसऱ्या दिवशी गटागटांत फिरतात. पहाटेपर्यंत ताडपत्रीखालचा राडा झाडणाऱ्यांचे फिरत नाहीत. ज्या गावात गाडगे महाराजांच्या नावानं गोदावरीवर पूल आहे, त्यांनी बांधलेली धर्मशाळा आहे, त्या गावाला हे वेगळं सांगावं लागू नये. दिवसा खराटा आणि रात्री कीर्तन, हा त्यांचा क्रम होता, खराटा आधी. ताईंनी यावर दोन नियम घातले आहेत. पहिला चहा घाटावरच्या कामगारांना. आणि निर्माल्याचा शेवटचा ट्रॅक्टर भरून निघेपर्यंत आपल्यापैकी कुणी घरी जायचं नाही.

टोचणी आणखी एक आहे, आणि तिच्याकडे बघायला आम्हाला वेळ लागला. अलीकडे एका वर्षी आमच्यापुढची रांग चांगलीच रोडावली. कॉलनीतल्या बऱ्याच घरांनी शाडूची मूर्ती आणली होती आणि बादलीत विसर्जन करून माती कुंडीत घातली होती. रात्री टेबल आवरताना एक मुलगा म्हणाला, ‘‘ताई, यंदा मजा नाही आली.’’ सगळे हसले, पण त्याच्या मनातलं थोडंफार सगळ्यांच्या मनात होतं. ताई म्हणाल्या, ‘‘अरे, याच्यासाठीच तर उभे होतो.’’

सेवेतली ही अवघड जागा आहे. लोकांच्या अडचणीतून आपल्याला मोल मिळायला लागलं की ती अडचण शिल्लक राहावी असं नकळत वाटू लागतं. रांग मोठी तर आपण मोठे. अन्नछत्र असो, रक्तदान शिबिर असो, की पुराच्या वेळची मदत. फोटोत रांग दिसावी हा मोह सगळीकडे सारखाच. त्यावर आम्हाला सापडलेला उपाय भाषणाचा नाही, कामाची जागा बदलण्याचा आहे. आता निम्मं काम श्रावणातच होतं. इमारतीगणिक फिरून शाडूची मूर्ती कुणाला हवी त्याची यादी, मूर्ती लहान ठेवा म्हणून आर्जव, ज्यांच्याकडे प्लास्टरचीच येणार त्यांना पावडर कुठं मिळेल याची माहिती, आणि हारवाल्यांना सुती दोरा वापरा म्हणून गळ. यात ढोल नाही, आरती नाही, कुणी हातात बाप्पा ठेवत नाही. दारं उघडतात आणि ‘बघू’ म्हणून बंद होतात. गटातली काही माणसं यात गळली. उरलेली मात्र वर्षभराची झाली.

यात सगळ्यांत आधी रुळले ते दोरेवाले काका. टेबलाची गरज संपली तर आपलं काय, हा प्रश्न त्यांनीच विचारला होता आणि उत्तरही त्यांनीच शोधलं. कॉलनीतल्या गणपती मंदिरात मंगळवारी हारांचा खच पडतो. पूर्वी तो पिशवीतून थेट गंगेवर जायचा. आता बुधवारी सकाळी मंदिराच्या मागं ते बसतात, दोरे वेगळे होतात, फुलं खड्ड्यात जातात आणि खत मंदिराच्याच झाडांना पडतं. ढीग एकट्याच्या हाताला जास्त होतो, मदतीला माणूस हवाच असतो. यायचं असेल तर सात वाजता यावं. कात्री मात्र आपापली आणावी.