दिसत नाही, पण आकाशगंगा धरून ठेवतं : काय आहे हे डार्क मॅटर?

वाशिम : नोव्हेंबरात रात्री नऊच्या सुमारास मंगरुळपीर किंवा मानोऱ्याच्या अंधाऱ्या शिवारात उभं राहा. उत्तरेला, बरंच वर, एक पुसट ठिपका दिसेल. ही देवयानी दीर्घिका. अब्दुर्रहमान अल-सूफी यांनी इ.स. 964 च्या ग्रंथात तिची नोंद ‘छोटा ढग’ अशी केली होती.

याच दीर्घिकेचा वेग व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी 1970 मध्ये मोजला. कडेच्या भागाचा वेग कमी व्हायला हवा होता, तो होईना. गोफण जोरात फिरवली आणि दोरी कच्ची असली तर दगड सुटणारच ना? इथं सुटत नाही. म्हणजे न दिसणारं वजन ओढून धरतंय. विश्वात ते साध्या पदार्थाच्या पाचपट आहे.

सुरुवातीच्या विश्वात प्रकाशाचा दाब तापलेल्या वायूला गोळा होऊ देत नव्हता. डार्क मॅटरला प्रकाशाशी देणंघेणंच नाही, त्यामुळे ते आधी साचलं. मग पावसाचं पाणी शेतातल्या खोलगट भागात उतरावं तसा वायू तिथं उतरला, तारे पेटले.

पुण्याच्या आयुका आणि आयसरच्या संशोधकांनी 2017 मध्ये मीन राशीच्या दिशेला ‘सरस्वती’ हा महासमूह जाहीर केला. अंतर 400 कोटी प्रकाशवर्षं, लांबी सुमारे 60 कोटी. एवढा पसारा इतक्या लवकर कसा जमला, हा प्रश्न त्यांनीच मांडला. डार्क मॅटरचा कण मात्र अजून कुठल्याच प्रयोगशाळेच्या हाती लागलेला नाही.