स्मरणशक्तीविषयीचे समज

लिहिता-वाचता येत नसेल, तर डोक्यात फारसे काही टिकत नाही, असे पुष्कळांना वाटते. ही समजूत खोटी ठरवणारी एक स्त्री खानदेशातच होऊन गेली. जळगावजवळच्या आसोदे गावी १८८० साली बहिणाबाईंचा जन्म झाला. पुढे जळगावच्या चौधरी घराण्यात त्यांचे लग्न झाले. त्यांना अक्षरओळख नव्हती. परंतु त्या जात्यावर बसल्या, की दळणाबरोबर त्यांच्या मुखातून ओव्या बाहेर पडत. शेतात राबतानाही तेच. कागद नाही, शाई नाही. सारे काव्य कंठात!

'ही तर देवाची देणगी', असे म्हणून लोक मोकळे होतात. काव्य स्फुरणे ही देणगी खरी. पण ते ध्यानात राहण्याची कारणे साधी आहेत. ओवीला माप असते, यमक असते. एखादा शब्द निसटला, तर यमक जुळत नाही आणि गाणारीला चूक तत्काळ कळते. जात्याची लय तिला पुढच्या चरणाकडे नेते. शिवाय ओवीतील विषय ओळखीचा असतो : शेत, माहेर, संसार. अर्थ मनात पक्का असला, की शब्द त्याच्या मागोमाग येतात.

अर्थ नसेल तर काय होते, हे एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून पाहिले. त्याने निरर्थक अक्षरे पाठ केली. तासाभरातच निम्म्याहून अधिक मेहनत वाया गेली! १८८५ साली त्याने हे प्रसिद्ध केले. एकाच बैठकीत घोकण्यापेक्षा तीच उजळणी निरनिराळ्या दिवशी केली, तर कमी श्रमात पाठांतर होते, हेही त्याला आढळले. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून घोकणाऱ्याचे त्यामुळे दुहेरी नुकसान होते. कारण दिवसा शिकलेले पक्के होण्यास झोपही लागते.

'धडा दहादा वाचला, म्हणजे तो आला', हा आणखी एक समज. तो फार फसवा आहे, कारण वाचताना सारे ओळखीचे वाटते. २००६ साली अमेरिकेत रोडिगर व कार्पिके यांनी काही विद्यार्थ्यांना एक उतारा पुन्हा पुन्हा वाचावयास सांगितले. इतरांना तो वाचून, मिटून, आठवेल तेवढे लिहावयास सांगितले. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणारे पुढे गेले. ओवी गाणारी स्त्री दुसरे काय करते? तिच्यापुढे पुस्तक नसतेच. प्रत्येक वेळी तिला ओवी आठवूनच गावी लागते.

एवढ्यावरून लेखणीची गरजच नाही, असे मात्र समजू नये. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली. तेथेच बंदिवासात असलेल्या साने गुरुजींनी ती उतरून घेतली, म्हणून आज ती वाचता येतात. बहिणाबाईंच्या काही ओव्या त्यांचे चिरंजीव, कवी सोपानदेव, आणि एक आप्त यांनी टिपून ठेवल्या होत्या. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई निवर्तल्या. आचार्य अत्रे यांच्या प्रोत्साहनाने १९५२ साली त्या ओव्यांचे पुस्तक निघाले. ज्या कोणी टिपल्या नव्हत्या, त्या त्यांच्याबरोबरच गेल्या.