औषधांची कीर्द-खतावणी

व्यापारी घरात दहा वर्षांपूर्वीच्या एखाद्या व्यवहाराचा कागद मागितला, तर मुनीमजी तो पाच मिनिटांत कपाटातून काढून देतात. त्याच घरातील ज्येष्ठांना रुग्णालयात दाखल करताना "सध्या कोणती औषधे चालू आहेत?" असे डॉक्टरांनी विचारले, की उत्तर मिळते, "सकाळी एक पांढरी, रात्री एक छोटी गुलाबी, आणि ती रक्त पातळ करण्याची." मालाचे नाव, प्रत, वजन व तारीख यांवाचून ज्यांच्या वहीत एकही ओळ चढत नाही, त्यांच्या घरी औषधांची ओळख रंगावरून पटवली जावी, हे नवलच म्हणावे लागेल.

रंग हा खात्रीचा पुरावा नव्हे. एकच औषध एका कंपनीचे पांढरे असते, तर दुसरीचे पिवळे. दुकानात नेहमीचे पाकीट संपले म्हणून दुसऱ्या नावाचे दिले गेले, की रंग बदलतो आणि घरात गोंधळ सुरू होतो. पुष्कळदा जुनी पट्टी डब्यात शिल्लक असते, नवीही चालू होते. समजा, घरच्या डॉक्टरांनी रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन दिलेले आहे. पुढे हृदयरोगतज्ज्ञांनी टेल्मिसार्टन व अ‍ॅम्लोडिपिन एकत्र असलेली गोळी लिहून दिली. दोन्ही पाकिटांवरील व्यापारी नावे निराळी, त्यामुळे दोन्ही गोळ्या श्रद्धेने घेतल्या जातात. पायांना सूज येते, उठताना चक्कर येते आणि त्यासाठी तिसरे औषध सुरू होते. एकच माल दोन बिलांवर दोन नावांनी आला, तर व्यापाऱ्याच्या ते लगेच ध्यानात येते. येथे ते ध्यानात येत नाही, कारण पाकिटावर बारीक अक्षरांत छापलेले मूळ औषधाचे नाव कोणी वाचलेलेच नसते.

बँकेत खातेपुस्तक आणि घरची वही यांचा मेळ घालतात. तसाच मेळ रुग्ण घरून रुग्णालयात येताना, एका विभागातून दुसऱ्यात जाताना आणि घरी परतताना औषधांच्या याद्यांचा घालावा, असा वैद्यकातील संकेत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी हानी कमी करण्यासाठी जगव्यापी मोहीम सुरू केली, तिच्यातही एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातानाच्या या वेळांवर विशेष भर आहे. परंतु मेळ घालण्यास दोन बाजू लागतात. रुग्णालयाच्या यादीसमोर ठेवण्यास घरची यादीच नसेल, तर मेळ कशाशी घालणार?

ही वही मांडणे व्यापारी घरास जड जाऊ नये. कीर्द आणि खतावणी ही विभागणी येथेही चपखल बसते. कीर्दीत तारीखवार घडामोडी याव्यात: ताप, तपासणी, डोस बदलला, डॉक्टर बदलले. खतावणीत प्रत्येक औषधास एक पान द्यावे. त्यावर मूळ औषधाचे नाव, किती मिलिग्रॅम, दिवसातून केव्हा, जेवणाआधी की नंतर, कोणत्या विकारासाठी, कोणी लिहून दिले आणि केव्हा सुरू झाले, एवढे पुरे.

खाते बंद झाल्याची तारीख आणि कारण मात्र जवळजवळ कोणीच लिहीत नाही, आणि खरी किंमत त्याच ओळीची असते. रामिप्रिल किंवा एनालाप्रिल या रक्तदाबावरील गोळ्यांनी काही रुग्णांना कोरडा खोकला लागतो. डॉक्टर गोळी बदलतात, खोकला थांबतो, प्रसंग विस्मरणात जातो. चार वर्षांनी दुसऱ्या गावचे डॉक्टर त्याच गटातील औषध लिहून देतात. मग खोकल्याचे सिरप, छातीचा एक्स-रे, क्षयाची शंका, अशी रांग लागते. "खोकल्यामुळे बंद" हे दोन शब्द वहीत असते, तर यांतील काहीच घडले नसते. पेनिसिलिनची किंवा अन्य कशाची अ‍ॅलर्जी असल्यास ती पहिल्याच पानावर लाल शाईने लिहावी. अमॉक्सिसिलिन हे त्याच कुळातील आहे, हे आणीबाणीच्या वेळी घाबरलेल्या नातेवाइकास आठवेलच असे नाही.

जैन घरांत या वहीस आणखी एक स्तंभ हवा, तो आहार-नियमांचा. रक्त गोठू नये म्हणून वॉरफरिन किंवा अ‍ॅसेनोकुमारोल घेणाऱ्यांच्या औषधाचा परिणाम आहारातील 'के' जीवनसत्त्वावर अवलंबून असतो आणि हे जीवनसत्त्व पालेभाज्यांत विपुल असते. अनेक घरांत चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य होते. आठ महिने मेथी-पालक नेमाने खाणाऱ्याने ती एकाएकी सोडली, तर गोळी तीच असूनही तिचा परिणाम वाढू शकतो. हिरड्यांतून रक्त येणे, अंगावर निळे डाग उठणे येथपासून ते गंभीर रक्तस्रावापर्यंत मजल जाऊ शकते. यास्तव चातुर्मास सुरू होण्यापूर्वी डॉक्टरांना कल्पना द्यावी, आयएनआर ही तपासणी केव्हा करावयाची ते विचारावे आणि भाजी सोडल्याची तारीख कीर्दीत टिपावी. कार्तिकात भाजी पुन्हा सुरू होते तेव्हा पारडे उलट झुकते. त्या वेळच्या तपासणीचा तर हमखास विसर पडतो.

चौविहार पाळणाऱ्यांनी सूर्यास्तानंतर पाणीही घ्यावयाचे नसते, पण चिठ्ठीवर "रात्री एक" असे लिहिलेले असते. मग गोळी सायंकाळी घेतली जाते किंवा घेतलीच जात नाही, आणि डॉक्टर समजतात की ती रात्री चालू आहे. उपवासात ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी नेहमीप्रमाणे घेतली, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. तपस्येचे दिवस वहीत आधी लिहून ती डॉक्टरांपुढे ठेवली, तर वेळापत्रक बदलून देणे त्यांना सोपे जाते. गोळी आपल्या मनाने सोडणे किंवा दुप्पट करणे हा त्यास पर्याय नव्हे. कॅप्सूलच्या बाबतीतही असेच आहे. तिचे कवच बहुधा प्राणिज जिलेटिनचे असते, म्हणून काही घरांत ती उघडून आतील औषध पाण्यात कालवतात. ओमेप्राझोलसारख्या कॅप्सूलमधील दाण्यांवर आम्लापासून बचाव करणारा लेप असतो. ते दाणे चुरडले गेले, की औषध वाया जाते. वनस्पतिज कवचाचा अथवा गोळीचा पर्याय मिळतो का, हे आधी विचारावे आणि काय ठरले ते त्या औषधाच्या पानावर लिहावे.

ज्यांना कोणी औषध मानीत नाही, त्यांचीही नोंद हवी. गुडघेदुखीसाठी परस्पर आणलेली वेदनाशामके रक्तदाब वाढवतात व मूत्रपिंडांवर भार टाकतात. काढ्यातील ज्येष्ठमध दीर्घकाळ अधिक मात्रेत घेतल्यास त्यानेही रक्तदाब चढतो. "ते तर घरगुती आहे" एवढ्यावर हे खर्च कीर्दीबाहेर राहतात.

आता कागदांविषयी. ईसीजीची पट्टी उष्णतेने छापणाऱ्या कागदावर असते आणि कालांतराने कोरी पडते. तिची छायाप्रत त्याच आठवड्यात काढावी. स्टेंट किंवा पेसमेकरचे कार्ड मूळ स्वरूपात जपावे, एमआरआयपूर्वी ते हमखास विचारले जाते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार आंतररुग्णाचे अभिलेख उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जतन करावयाचे असतात आणि रुग्णाने मागणी केल्यास ७२ तासांत द्यावयाचे असतात. तीन वर्षांनंतरची हमी नाही, म्हणून घरी परतताना नुसत्या बिलावर समाधान मानू नये. आयुष्मान भारत डिजिटल मिशनखाली मिळणाऱ्या चौदा अंकी 'आभा' क्रमांकाशी कागदपत्रे जोडता येतात. सोय चांगली आहे, तरी मध्यरात्री मोबाइलचे कुलूप उघडणारा माणूसच अतिदक्षता विभागात असला, तर कागदी वहीच कामास येते.

बहुतेक घरांत ही सारी माहिती सासूबाईंच्या किंवा थोरल्या सुनेच्या स्मरणात असते. सर्वांची औषधे त्यांना पाठ, त्यांची औषधे मात्र कोणालाच ठाऊक नाहीत. म्हणून वहीची सुरुवात त्यांच्याच पानापासून करावी.

एक नाजूक बाब राहते. एकत्र कुटुंबात मनोविकाराच्या किंवा वंध्यत्वाच्या उपचारांची नोंद सर्वांच्या हाती पडणारी नको, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु यादीतून वगळलेले औषध शरीरातून वगळले जात नाही. भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते कळणे अत्यावश्यक असते. अशा नोंदीचे पान पाकिटात बंद करून वहीच्या शेवटी ठेवावे आणि वहीच्या पहिल्या पानावर केवळ "पाकीट पाहावे, फक्त डॉक्टरांसाठी" एवढेच लिहावे.