वृद्ध सेवागृहांत खाटा आहेत, माणसे कुठे आहेत? इलेक्ट्रॉनिक सिटी परिसरातील मनुष्यबळाच्या पेचाचा वेध

बेंगळुरू : सुमारे साडेचार दशकांपूर्वी कर्नाटक सरकारच्या ‘किऑनिक्स’ या महामंडळाने होसूर मार्गालगत कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या जमिनीवर इलेक्ट्रॉनिक सिटीची उभारणी सुरू केली. माहिती तंत्रज्ञान उद्योगामुळे येथे देशभरातून तरुण आले. पुणे, नागपूर, कोल्हापूर, बेळगाव येथून आलेली मराठी कुटुंबेही त्यांत आहेत. या पिढीपुढे आता आई-वडिलांच्या दीर्घकालीन शुश्रूषेचा प्रश्न उभा आहे. सेवागृहाची इमारत उभारता येते. तेथे चोवीस तास पुरेशी प्रशिक्षित माणसे ठेवणे हे खरे आव्हान आहे.

मागणी का वाढत आहे?

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील नागरिकांची संख्या सुमारे १०.४ कोटी होती. संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधी आणि मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था यांच्या २०२३ च्या अहवालानुसार २०५० पर्यंत ही संख्या सुमारे ३४.७ कोटी, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या एक-पंचमांशाहून अधिक होईल. देशातील सुमारे ८८ लाख ज्येष्ठ स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असल्याचाही अंदाज आहे. पती-पत्नी दोघेही नोकरी करणाऱ्या घरात अशा रुग्णाजवळ सतत कोणी थांबणे कठीण असते.

एका जागेसाठी किती माणसे?

आठवड्याचे तास १६८ असतात. एका कर्मचाऱ्याचे काम आठवड्याला ४८ तास धरले, तर एकच जागा अहोरात्र भरलेली ठेवण्यासाठी साडेतीन माणसे लागतात. रजा आणि आजारपण धरल्यास चार. समजा, चाळीस वृद्धांच्या सेवागृहात दर आठ जणांमागे एक सेवक कायम हजर ठेवायचा आहे. एका वेळी पाच सेवक हवेत, म्हणजे एकूण वीस जणांची नेमणूक करावी लागेल. तेच काम बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत, साप्ताहिक सुटीविना करवून घेतले तर दहा जणांत भागते. खर्च निम्म्यावर येतो आणि त्याचा भार सेवकाच्या शरीरावर पडतो. बारा तासांची पाळी या क्षेत्रात रुळली, त्यामागे हे गणित आहे.

अपुऱ्या मनुष्यबळाचा परिणाम प्रथम रात्री दिसतो. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीला शय्याव्रण होऊ नये म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. असे दहा जण असतील तर रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतच हे काम चाळीस वेळा होते आणि अनेकदा त्याला दोन माणसे लागतात. त्याच वेळी स्वच्छतागृहाकडे निघालेले एखादे आजोबा पडले, तर उरलेल्यांचे वेळापत्रक कोलमडते.

माणसे का टिकत नाहीत?

पहिले कारण वेतनाचे. परिचारिकेच्या शिक्षणाला अभ्यासक्रमानुसार दोन ते चार वर्षे लागतात. पात्र परिचारिकेला मोठ्या रुग्णालयात अधिक वेतन आणि बढतीची संधी मिळते. शिवाय परदेशाचे दारही उघडे आहे. जपानबरोबर भारताने २०२१ मध्ये केलेल्या कुशल कामगारविषयक करारात वृद्ध शुश्रूषेचा समावेश आहे. जर्मनीतही भारतीय परिचारिकांना मागणी आहे.

परिचारिकेखालोखाल येणारे सेवक, म्हणजे महाराष्ट्रात ज्यांना आपण ‘ब्युरोच्या मावशी’ किंवा ‘मामा’ म्हणतो, त्यांच्यापुढेही पर्याय आहेत. बोम्मसंद्र आणि होसूर परिसरातील कारखाने, आयटी संकुलांतील साफसफाईची कामे, घरपोच वस्तू पोहोचवणारी ॲप्स यांना माणसे हवीच असतात. तेथे काम ठरावीक असते. मलमूत्र स्वच्छ करावे लागत नाही, मृत्यू जवळून पाहावा लागत नाही.

दुसरे कारण राहण्याचे आणि प्रवासाचे. ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रोची पिवळी मार्गिका बोम्मसंद्रपर्यंत सुरू झाली. परंतु चंदापूर, अत्तिबेले, आनेकल हा भाग त्याही पुढे आहे.

तिसरे कारण भाषेचे. अनेक सेवक दूरच्या राज्यांतून येतात. स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेल्या भाषा अनेकदा विसरल्या जातात आणि मातृभाषा उरते. ‘दुखतंय’ किंवा ‘तहान लागली’ एवढे मराठीत सांगणाऱ्या आजींचे म्हणणे सेवकाला कळले नाही, तर त्यांची अस्वस्थता हट्टीपणा समजली जाते.

कायदा काय सांगतो?

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान १५० जणांच्या क्षमतेचे वृद्धाश्रम उभारण्याची तरतूद आहे. खासगी सेवागृहे आणि घरपोच शुश्रूषा देणाऱ्या संस्थांची नोंदणी व किमान दर्जा ठरवू पाहणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडण्यात आले. मात्र त्या लोकसभेच्या कार्यकाळात ते संमत झाले नाही.

खर्चाचा प्रश्नही कुटुंबावरच येतो. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्वांना लागू झालेली आयुष्मान भारत योजना रुग्णालयातील उपचारांचा पाच लाख रुपयांपर्यंतचा खर्च उचलते. सेवागृहातील दैनंदिन शुश्रूषा तिच्या कक्षेत येत नाही. जपानने २००० मध्ये यासाठी स्वतंत्र सक्तीची विमा योजना आणली आणि चाळिशीपासूनच वर्गणी घेण्यास सुरुवात केली.

केवळ नियम पुरेसा नसतो, हे अमेरिकेत दिसले. तेथे २०२४ मध्ये प्रत्येक निवासी वृद्धामागे दररोज ३.४८ तासांच्या शुश्रूषेचा निकष जाहीर झाला. माणसे मिळणार नाहीत, असे म्हणत सेवागृहचालक न्यायालयात गेले आणि २०२५ मध्ये तो निकष रद्दबातल ठरला.

कुटुंबांनी काय पाहावे?

निवासाची खोली, बाग आणि जेवण पाहून निर्णय घेणे पुरेसे नाही. रात्री दोन वाजता किती सेवक जागे असतात, त्यांत पात्र परिचारिका असते का, पाळी किती तासांची आहे, साप्ताहिक सुटी मिळते का आणि गेल्या वर्षभरात किती जण काम सोडून गेले, हे विचारावे. शक्य झाल्यास संध्याकाळी, पाळी बदलण्याच्या वेळी, पूर्वसूचना न देता भेट द्यावी. सेवकाला विश्रांती आणि योग्य वेतन मिळते की नाही, हा प्रश्न त्याच्यापुरता नाही. ज्याच्या हातून आई-वडिलांना घास भरवला जाणार आहे, त्याच्या थकव्याचा हिशेब शेवटी त्यांनाच चुकवावा लागतो.